मेंढपाळांनी लोकर एकत्र करून स्वतःची ब्लँकेटं विकावीत का?

घणसोलीकर:
विषय सरळ मांडतो. बेलापूरच्या अर्बन हाटला, म्हणजे हस्तकलेच्या बाजारात, घोंगडीचा स्टॉल लागला की आपले लोक हात फिरवून बघतात, भाव विचारतात आणि "बाप रे" म्हणून पुढे सरकतात. तिथे घोंगडी हजारांत विकली जाते. ज्याच्या मेंढरांची ती लोकर, त्याला मात्र गावाकडे कातरणीची मजुरीही सुटत नाही. आमच्या माण तालुक्यात कातरलेली लोकर ओढ्याकाठी टाकून दिलेली मी बघितली आहे.

चाळीस-पन्नास मेंढरांचा धनी एकटा काहीच करू शकत नाही. म्हणून पंचक्रोशीतल्यांनी लोकर एका ठिकाणी आणावी, एकत्र पिंजून-कातून घ्यावी, विणकरांना मजुरी देऊन घोंगड्या आणि ब्लँकेटं काढावीत आणि आपल्या नावाने विकावीत. उत्पादकांच्याच मालकीच्या कंपनीची, म्हणजे उत्पादक कंपनीची, सोय कायद्यात 2002 पासून आहे, 10 उत्पादक जमले तरी ती काढता येते. गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत माथाडींची घरंच्या घरं सातारा-सांगलीची आहेत. बोला.

कोलशेत रोड:
नोकरी लोकरीच्या सुतातच गेली, म्हणून बोलतो. "एकत्र करा" हे म्हणायला सोपं आहे. दख्खनी, म्हणजे आपल्याकडच्या मेंढीचा तंतू 35 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरच जाड असतो, मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा 24 च्या आत. तिशीच्या पुढे गेला की अंगाला टोचतो. त्यात आपल्याकडे पोत्यात काय भरतात ते बघा: काळी, पांढरी, करडी सगळी एकत्र, पाठीवरची चांगली लोकर आणि पोटाखालची मातेरं झालेली, वर गोखरू आणि लेंड्या. एकदा मिसळली की कुणाचा बाप ती वेगळी करू शकत नाही. मग अख्ख्या पोत्याला भाव मिळतो तो त्यातल्या सगळ्यात वाईट मुठीचा. पन्नास जणांची अशी पोती एका गोदामात ओतली तर फक्त ढीग मोठा होईल.

1925 साली ठाण्यात रेमंडची लोकर गिरणी सुरू झाली, तेव्हा तिथे जाडीभरडी ब्लँकेटंच निघायची. आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. जाड लोकरीच्या धंद्यातून बाहेर पडणाऱ्यांनी हिशेब करूनच पाय काढला असणार.

घोडबंदरवाला:
ठाण्यात थंडी पडते कधी? जानेवारीत चार दिवस पंखा एकवर येतो, संपलं. पानिपतचं मऊ ब्लँकेट रस्त्यावर मिळतं आणि मशीनमध्ये धुता येतं. टोचणारी, मशीनमध्ये न टाकता येणारी, वर कसर लागणारी वस्तू दहापट पैसे देऊन कोण घेणार? गावच्या आठवणीने एकदा घेतील. दुसऱ्यांदा?

घणसोलीकर:
तुमच्या सोसायटीत एसी अठरावर लावून वर रजई घेणारे किती आहेत ते मोजा, मग थंडीचं बोलू. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओल पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या दमट हवेत पॉलिस्टर घाम धरून ठेवतं तसं ती करत नाही. शिवाय चटकन पेटत नाही. टोचण्याचं मान्य. चादर मध्ये घ्यायची आणि वर घोंगडी टाकायची, आमच्याकडे तसंच करतात. किंवा जमिनीवर अंथरायची. पाठदुखीवाले तर मुद्दाम अंथरतात (औषधी गुणांचं जे काय सांगतात त्यात मी पडत नाही).

वाशी मार्केट:
सगळे मालावर बोलताय, पैशावर कुणीच नाही. गुजरातच्या दुधासारखं लोकरीचं होईल असं मनात असेल तर सोडा. दूध रोज येतं, रोज विकतं, दहा दिवसांनी पैसे हातात. लोकर वर्षातून दोनदा येते. कातरणीपासून विक्रीपर्यंत धुणं, पिंजणं, सूतकताई, विणकाम, सगळ्याला आधी पैसा लागतो आणि माल खपतो हिवाळ्यात. मधले सहा-आठ महिने मेंढपाळ थांबणार आहे का? त्याच्या घरात लग्न निघालं की तो एक बोकड विकतो, रोख पैसे. म्हणून तर लोक आता माडग्याळ मेंढीकडे वळलेत. जत भागातली ती मेंढी मटणाला भारी आणि लोकर जवळपास नाहीच. कातरायची कटकटच संपली. मेंढपाळ मूर्ख नाही, त्याने हिशेब केलाय.

सनगर घरची, कळवा:
इतकी चर्चा झाली आणि विणणाऱ्याचं नाव "मजुरी देऊन" एवढ्यातच आलं. आम्ही सनगर, घोंगड्या विणणारे. आमच्या घरी खड्डा माग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. विणायचं काम दिसतं, बाकीचं दिसत नाही. एका कातरणीला एका मेंढीची लोकर पाव ते अर्धा किलो. धुतली-पिंजली की आणखी घटते. दोन-अडीच किलोची घोंगडी म्हणजे आठ-दहा मेंढ्यांची लोकर एका जागी. आजी चरख्यावर सूत काढायची, एका घोंगडीचं सूत निघायला दिवसच्या दिवस जायचे. मग ताणा, म्हणजे उभे धागे, लावायचा आणि चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटलेली खळ शिजवून कुंच्याने त्या ताण्याला ओढायची. खळ कमी पडली की धागा मागावर तुटतो, जास्त झाली तर घोंगडी पत्र्यासारखी ताठ होते. कुंचा कसा फिरवायचा ते आजीच्या हाताला ठाऊक होतं, वडिलांनासुद्धा ते जमलं नाही.

आता सूत काढणाऱ्या बायका राहिल्यात किती? मेंढपाळांनी कंपनी काढली तर भागधारक मेंढपाळ आणि आम्ही रोजंदारीवर, असं असेल तर माझा विरोध आहे. दरात सगळ्यात जास्त भर आमच्या हातांनी पडते.

घणसोलीकर:
ताई, मान्य. विणकर आणि सूत काढणाऱ्या बायका भागधारक हव्यातच.

सनगर घरची, कळवा:
"हव्यातच" म्हणणं सोपं असतं. कागदावर येऊ द्या.

खारघर सेक्टर 35:
एक गोष्ट कुणाच्याच बोलण्यात आली नाही. दिवाळीनंतर घाट उतरून धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, आपल्या रायगडात येतात, पनवेल-पेण भागात खाचरांत मेंढरं बसवतात आणि पावसाळ्याच्या आत परत वर जातात. शेतकरी खतासाठी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. एका वाड्याशी माझी ओळख झाली, जेवणही झालंय त्यांच्याकडे. घोड्यावर कोंबड्या, भांडी, करडं, तान्ही पोरं, सगळा संसार. त्यात लोकरीची पोती कुठे बांधणार? म्हणून कातरणी झाली की दारात येईल त्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळे होतात. लोकर वाईट असते म्हणून नव्हे, ती ठेवायला छप्पर नसतं म्हणून.

तेव्हा वाशीवाल्यांचा हिशेब बरोबर आहे, पण गावात घर धरून राहणाऱ्यासाठी. फिरत्या माणसाला आधी हवी कोरडी खोली, वजनकाटा आणि पोतं टाकताच हातात थोडी उचल. ब्लँकेट, शिक्का, दुकान या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी.

कोलशेत रोड:
हा पहिला कामाचा मुद्दा. त्याला माझी एक अट जोडतो: निवड कातरणीच्या जागेवरच. ताडपत्री अंथरायची, काळी एका पोत्यात, पांढरी-करडी दुसऱ्यात, कोकरांचं जावळ, म्हणजे पहिली लोकर, वेगळं, पोटाची घाण लोकर फेकायची. जावळाच्या घोंगडीला आजही चौपट मान आहे, ते इतरांत मिसळणं म्हणजे नुकसान. यंत्र लागत नाही, शिस्त लागते. आणि गोदाम बांधण्याआधी नमुना तपासा. वूल रिसर्च असोसिएशन आमच्याच रस्त्यावर आहे, ठाण्यात. ब्लँकेटचा हट्ट मात्र सोडा. जाड लोकरीची बैठकीची आसनं, सतरंजी, नमदा (लोकर न विणता दाबून केलेलं अंथरूण) करा. टोचण्याची तक्रारच येणार नाही.

घोडबंदरवाला:
योगाच्या चटईला पाच हजार देणाऱ्या बायका आमच्या टॉवरमध्ये आहेत हे खरं. आसन खपेल. ब्लँकेट नाही.

घणसोलीकर:
म्हणजे खपेल की! बरं, मी मागणी बदलतो. या वर्षी कंपनी नको. एका गावात एक खोली, काटा, रंगवार पोती. आपण इथले वीस-पंचवीस लोक आगाऊ पैसे भरून माल नोंदवू, त्यातून मेंढपाळाला उचल आणि विणकराला मजुरी. आसनं आणि थोड्या घोंगड्या. माल दिवाळीला.

वाशी मार्केट:
आगाऊ पैसे म्हणजे माल आला नाही तर बुडीत, हे आधी सांगून टाक लोकांना. वजनातली घट कुणाच्या माथी? शंभर किलो लोकर घेतली आणि धुतल्यावर सत्तर राहिली तर मेंढपाळाला पैसे शंभराचे की सत्तराचे? माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात भांडणं याच एका गोष्टीवरून झालीत.

खारघर सेक्टर 35:
कच्च्या वजनावर उचल, धुतल्या वजनावर उरलेले. आणि धुताना वाड्यातला एक माणूस काट्याजवळ उभा.

सनगर घरची, कळवा:
माणूस कशाला, बाई उभी करा. लोकरीचं सगळं काम वाड्यात बायकाच बघतात. आणि सूत काढायची मजुरी किलोवर नको, सुताच्या बारकाईवर लावा, नाहीतर जाडंभरडं सूत काढून मोकळ्या होतील सगळ्या. हे दोन्ही लिहून दिलंत तर म्हसवडला माझ्या मामांकडे अजून माग आहे, विचारते.