अठरा-वीसची पोरं मोटरस्पोर्ट क्लबात घ्यायची की नाही?

पुणेरी_रॅलीवाला
ऑटोक्रॉस (मैदानात कोनांमधून घड्याळाविरुद्ध गाडी पळवणं) असो की टीएसडी (वेळ, वेग, अंतराच्या हिशोबाची रॅली), दरवेळी तीच ती पंचेचाळीशीची मंडळी, आणि इकडे पोरं सेकंडहँड स्विफ्ट नाहीतर पोलो घेऊन रात्री बारानंतर रिकाम्या रस्त्यावर जीव धोक्यात घालतायत. चुकून एखादा विचारायला आलाच तर आपण आधी वर्गणी सांगतो. माझं म्हणणं, मोकळ्या मैदानात कोन लावा, एकावेळी एकच गाडी सोडा, साधी स्टँडर्ड गाडी आणि फी कमी. घड्याळाशी खेळू दे की.

घाटमाथा
बोलायला काय जातंय. परवानगीच्या अर्जावर सही तुमची असते का? मोटार वाहन कायद्याचं कलम 189 वाचा, सार्वजनिक जागी वेगाची स्पर्धा म्हटलं की राज्य सरकारची लेखी संमती लागते. त्यात मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या पोर्शेखाली दोघांचा जीव गेला, त्यानंतर पोरगा आणि गाडी हे दोन शब्द एकत्र ऐकले तरी पोलीस खुर्ची सरसावून बसतात. एकानं कोन सोडून बघ्यांत गाडी घातली की मैदान गेलं, सगळ्यांचंच.

डावी_सीट
मग वेगापासून सुरुवातच कशाला? टीएसडीला आणा ना. ठरलेली सरासरी राखायची, रोडबुकात ट्युलिप (वळणांची छोटी चित्रं) बघत जायचं, आणि लपवलेल्या कंट्रोलला (वेळ तपासायच्या ठिकाणी) लवकर पोचलात तर बऱ्याच ठिकाणी उशिरापेक्षा जास्त पेनल्टी. मी नॅव्हिगेटर (शेजारी बसून रस्ता सांगणारी) म्हणूनच आले, तेव्हा गाडी चालवताही येत नव्हती. पायात रग असलेले सगळे पहिल्या टप्प्यातच झोपतात, बघायला मजा येते खरंतर 😄

पुणेरी_रॅलीवाला
@डावी_सीट मान्य, पण ज्याला गाडी फेकायचीय त्याला गणित देऊन तो टिकणार नाही. मैदानावर निदान स्क्रुटिनी (आधी गाडीची तपासणी) तरी होते. परवा एका पोराच्या डिकीतून स्टेपनी, जॅक सगळं बाहेर काढायला लावलं, बॅटरी हलवून बघितली तर क्लॅम्पच सैल, आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली लोळत होती. ती ब्रेकखाली गेली असती तर? रस्त्यावर त्याला हे कोण सांगणार होतं.

नागपुरी_पाना
भाऊ, पैशाचं काऊन कोणी बोलत नाही? टायरचा एक सेट घासला की पोराचे दोन महिन्याचे पैसे गेले. आणि इंजिनिअरिंगवाल्यांना का विसरता? बाजासाठी (कॉलेजच्या पोरांनी ऑफरोड गाडी बनवायची स्पर्धा) रोलकेज, म्हणजे बचावाचा लोखंडी पिंजरा, वेल्ड करून पीथमपूरला जातात, फॉर्म्युला भारतला (तशीच रेसकारची स्पर्धा) कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर जातात, रूलबुक तोंडपाठ असते. पास झाले की त्यांना कोणता क्लब विचारते? कोणताच नाही.

घाटमाथा
ती पोरं उद्या आणा, माझी ना नाही. मला भीती एक्झॉस्ट (सायलेन्सर) फोडून गाडीत बदल केलेल्यांची. 2019 लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, मग असली गाडी मैदानापर्यंत येणार कशी, टेम्पोत घालून? आधी एक सीझन मार्शल (ट्रॅकवरचा सुरक्षेचा माणूस) म्हणून झेंडा धरू दे, स्टिअरिंग नंतर.

नागपुरी_पाना
एक सीझन झेंडा? एप्रिलच्या उन्हात? एका टीशर्टवर आणि वडापाववर?

घाटमाथा
आम्ही धरला तेव्हा टीशर्टपण नव्हता.

डावी_सीट
म्हणूनच तर तुमच्यानंतर कोणी आलं नाही काका 🙏