सिपर सोडवायलोय पाळणाघरात, पण सगळी पोरं पाणी सांडायलीत, काय करू?

जुळे सोलापूरला घरातच पाळणाघर आहे माझं, सध्या नऊ मुलं, दीड ते तीन वर्षांची, सगळ्यांच्या पिशवीत सिपर, तो तोटीच्या झाकणाचा. परवा एकाचा सिपर धुताना आतली ती रबरी पडदी काढली तर खाली काळी बुरशी आणि आंबलेल्या दुधाचा वास, आई रोज धुते बरं का, पण ते काढून धुवायचं असतं हे तिलाही माहीत नव्हतं. मग ठरवलं, जेवताना सिपर बंद, फुलपात्रातनंच पाणी. सोमवारी जे झालं ते विचारूच नका. सहा जण चिंब, आणि एकानं फुलपात्र उलटं करून टोपीसारखं डोक्यावर घेतलं ते बघून बाकीच्यांनी पण. संध्याकाळी एक आई म्हणायली, ताई पोरगं रोज असं ओला शर्ट घालून आलं आणि सर्दी झाली तर? त्यात नळाला पाणी रोज नाही, सांडलेलं बघून सासूबाईंचा जीव तुटतोय. परत सिपर काढू का?

होटगी रोडवाली ताई
नका काढू ओ. फुलपात्र भरून देताय ना, तिथंच चुकतंय. बुडाशी दोन घोट, बास. संपलं की परत दोन घोट. आणि नऊ जणांना एकदम कशाला, तीन-तीन बसवा, बाकीच्यांना तोवर खेळू द्या. ग्लास उंच नको, त्यात पोराला मान पार मागं टाकावी लागते आणि मग सगळं नाकातोंडात, आपलं ते बाहेर वळलेल्या काठाचं छोटं स्टीलचं फुलपात्र बरं, दोन्ही हातात मावतं. माझी अजून एक युक्ती म्हणजे आधी पाणी नाहीच, नाचणीची आंबील द्यायची, ती घट्ट असते, सावकाश ओठापर्यंत येते, तेवढ्यात पोराला कळतं किती वाकडं करायचं ते. आणि ओल्या शर्टाचं काय घेऊन बसलात, हा एप्रिल आहे, गच्चीवर टाकला की दहा मिनिटांत कडक! सुरू करायचं तर उन्हाळ्यातच करावं. टॉवेलच्या गावात राहून गळ्यात बांधायला नॅपकिन मिळत नाही असं तर नाही ना?

दातांची डॉक्टर
न सांडणाऱ्या सिपरला ती पडदी असते ना, त्यामुळं मूल पीत नाही, चोखतं, म्हणजे बाटलीच झाली ती. साधं पाणी असेल तर दातांना त्रास नाही, पण दूध किंवा सरबत घालून दिवसभर घोट घोट चाललं की पुढच्या वरच्या दातांना कीड लागते, असे पेशंट भरपूर येतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर कपाची ओळख सहा महिन्यांपासून करा आणि बाटली साधारण दीड वर्षापर्यंत सोडवा म्हणते. मधला टप्पा हवाच असेल तर पडदी काढून तोच सिपर द्या, थोडं गळेल पण तिरकं किती करायचं ते कळतं. स्ट्रॉ पण चालेल. मूल फुलपात्राचा काठ दातात धरत असेल तर रागवू नका, जबडा स्थिर करायला सुरुवातीला तसं करतातच.

दोन पोरांची आई
थोडं वेगळं सांगते. आमच्या छोटीचा सिपर एका दिवसात बंद केला तर तिनं पाणी पिणंच सोडलं, बाहेर बेचाळीस डिग्री आणि ही दिवसभरात दोनदाच शू, ती पण पिवळीधमक, मी घाबरलेच. उन्हाळ्यातच करा म्हणणं सोपंय. जेवताना फुलपात्र, बाकी वेळ सिपर ठेवा पण त्यात फक्त पाणी, मग हळूहळू कमी. आणि पोराला किती पाणी गेलं ते त्याच्या आईला रोज सांगत जा, आयांना भीती त्याचीच असते.

आजी
पोरं बोंडल्यातनं, त्या दूध पाजायच्या चोचीच्या भांड्यातनं, सुटली की थेट फुलपात्र, आमच्याकडं मधे काहीच नव्हतं. सांडायची की. अंगणात बसवायचो.

पाळणाघरवाली
थँक्यू सगळ्यांना. दोन दिवस तीन-तीन बसवून बघितलं, दोन घोटांचा हिशोब जमायलाय. दोघं अजून नाकात घालतात, त्यांना आंबीलच चालू आहे. दुपारी झोपेतनं उठल्यावर पाण्याचा सिपर ठेवलाय आणि ते सगळ्या आयांना सांगितलंय. आज ओले शर्ट दोनच, त्यातला एक त्या टोपीवाल्याचा. सासूबाईंनी मधोमध परात ठेवलीय, त्यात सांडलेलं पाणी संध्याकाळी तुळशीला घालतात.