नव्या बांधणीचा उघडा कॅनू खळाळत्या पाण्यात

प्रश्न: गोल तळाच्या 11 फुटी कॅनूची सवय असलेल्या मी परवा सपाट तळाचा, धारदार कडांचा 9 फुटी नमुना चालवून पाहिला, खडकामागच्या संथ पाण्यातून मुख्य धारेत शिरताना प्रवाह येतो त्या बाजूची कड पाण्यात रुतली आणि क्षणात उलटलो. दोष नावेचा की माझा?

उत्तर: बहुधा सवयीचा. गोल तळ चूक पोटात घालतो, धारदार कड घालत नाही. म्हणून धारेत शिरण्यापूर्वीच गुडघ्याने नाव प्रवाहाच्या खालच्या दिशेला कलती करावी आणि वल्हेही त्याच बाजूला टेकवावे.

दुसरे उत्तर: सहमत. नावेत पाण्याला जागा उरू नये म्हणून आत बसवलेल्या हवेच्या पिशव्याही तपासाव्यात. आत शिरलेले 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, आणि मग आखूड नावही वळेनाशी होते.

प्रश्नकर्ता: पुढची पिशवी सैलच होती, हे आता आठवते.