मदत हवी आहे : एअर ड्रिलिंगमध्ये खारे पाणी लागले आहे, फोमवर चालू ठेवावे की केसिंग आधीच उतरवावे?

नमस्कार. तेल-वायू क्षेत्रातील जाणकारांकडून सल्ला हवा आहे.

मी पेनसिल्व्हेनियात मार्सेलस शेल या वायू असलेल्या खडकातील विहिरींवर काम करतो. येथे शेलच्या वरचा उभा टप्पा बहुधा दाबलेल्या हवेनेच खोदतात (एअर ड्रिलिंग), कारण मडपेक्षा (एरवी खोदताना फिरवल्या जाणाऱ्या जड द्रवापेक्षा) वेग बराच जास्त मिळतो. गोड्या पाण्याचे थर सरफेस केसिंगमागे (वरच्या भागात बसवलेल्या पोलादी नळामागे) सिमेंटने बंद झालेले आहेत. अडचण आहे ती त्याखालच्या वालुकाश्मातील खाऱ्या पाण्याची. विहिरीतला दाब थरातल्या दाबापेक्षा मुद्दाम कमी ठेवला की पाणी आत येणारच, पण ते किती येऊ द्यावे यावर आमच्यात एकमत होत नाही.

सव्वाबारा इंची टप्प्यात पाणी लागले तेव्हा ब्लूई लाइनमधून (हवा आणि भुकटी बाहेर नेणाऱ्या नळीतून) उडणारी धूळ आधी थांबली, मग ओलसर कटिंग्जचे (खडकाच्या चुऱ्याचे) गोळे पडू लागले आणि स्टँडपाइपचा (आत जाणाऱ्या हवेच्या नळीचा) दाब हळूहळू चढला. ही ओली भुकटी ड्रिल पाइपभोवती थापली जाऊन मड रिंग तयार झाली तर पाइप अडकतो, शिवाय तिच्याखाली कोंडलेली हवा दाबाने तापते आणि जोडीला वायू असेल तर विहिरीतच आग लागू शकते. म्हणून आम्ही लगेच हवेत पाणी आणि फोमर (फेस आणणारे रसायन) मिसळून मिस्टवर (तुषारांवर) गेलो, आणि तेही पुरेना तेव्हा फोमवर. फोमने कटिंग्ज नीट वर येतात. मात्र पाण्यातील मिठामुळे फेस टिकत नाही : परतीच्या फोमचा नमुना बादलीत धरला तर तो बघता बघता बसतो आणि तळाशी करडे पाणी उरते. फोमर वाढवून थोडाच फरक पडला.

परतीच्या लाइनवर चोक (वाट अरुंद करणारी झडप) लावून दाब वाढवावा, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. त्याने पाण्याचा ओघ घटेल हे खरे, पण तळाचा दाब वाढला की वेगही घटतो, आणि ज्यासाठी हवा निवडली तेच हातचे जाते. मला स्वतःला पाण्याचा थर पूर्ण ओलांडून केसिंग ठरल्यापेक्षा वर बसवणे अधिक सुरक्षित वाटते.

वर आलेल्या पाण्याचीही चिंता आहेच. २०१० च्या नियमानुसार येथे वायू विहिरींच्या सांडपाण्याच्या नव्या विसर्गात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ते नदीत सोडण्याचा प्रश्नच नाही. फ्रॅकिंगसाठी (पाण्याच्या दाबाने शेल फोडण्यासाठी) पुन्हा वापरायचे, नाहीतर टँकरने ओहायोतील, सांडपाणी खोल जिरवणाऱ्या इंजेक्शन विहिरींपर्यंत न्यायचे. शिवाय हवेतला ऑक्सिजन आणि खारे पाणी एकत्र आल्याने ड्रिल पाइपला खड्डे पडतात, म्हणून इनहिबिटर (गंज रोखणारे रसायन) सुरू ठेवला आहे.

अतिक्षारयुक्त पाण्यात कोणत्या प्रकारचा फोमर टिकतो, आणि आम्हीच हवेबरोबर आत सोडलेले पाणी वजा करून थरातून येणाऱ्या पाण्याचा खरा ओघ तुम्ही प्रत्यक्षात कसा मोजता? ओघ किती झाला की फोमचा नाद सोडून तुम्ही केसिंग उतरवता किंवा मडवर जाता?