विषय: हिवाळ्यात बुसेरियास – काय न्यावं, काय खावं?

प्रेषक: सुहास

नमस्कार मंडळी,

जानेवारी ते मार्चअखेर बुसेरियासला (मेक्सिकोतलं नायारित राज्य, पुएर्तो वायार्ता शहराच्या उत्तरेला) स्वयंपाकघरासकट जागा घेतली आहे. आम्ही दोघं आहोत आणि फेब्रुवारीत महिनाभर आई-बाबा. आई पूर्ण शाकाहारी, बाबांना मासे हवेतच. रोज बाहेर जेवायची कोणाचीच इच्छा नाही. इथून, कॅलगरीहून, काय न्यावं? आईचं बाहेर कसं निभेल? बाबांना चालतील असे मासे कोणते? आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय आहेत, कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आहे. मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का?

सुहास

---

प्रेषक: मिलिंद

सुहास,

आधी कागदपत्रं. स्वयंपाकातलं तिथे गेल्यावरही निस्तरता येतं, हे येत नाही.

पासपोर्टवर कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर भारतीय नागरिकाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. पण तो व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना आणि परतीच्या तारखेपर्यंत चालू आहे ना, ते पाहा. नाहीतर मेक्सिकोत शिरता येईल, पण कॅलगरीच्या विमानात बसू देणार नाहीत. विमान थेट कॅलगरी–वायार्ताच घ्या. शंभर-दीडशे डॉलर वाचवायला अमेरिकेत विमान बदललंत, तर आई-बाबांना अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागेल.

तुम्हा दोघांना कॅनडाच्या पासपोर्टवर व्हिसा नको. १८० दिवस ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. किती दिवस द्यायचे ते अधिकारी ठरवतो. शिक्क्यावर किंवा कागदावर लिहिलेला आकडा खिडकीपाशीच वाचा, कमी असेल तर तिथेच परतीचं तिकीट दाखवून बोला. आत गेल्यावर मुदत वाढवून मिळत नाही.

विमा घेताना ‘स्टेबिलिटी’चं कलम वाचा. निघण्याआधीच्या ठरावीक काळात (बहुतेक ९० किंवा १८० दिवस) बीपीच्या गोळीचा डोस बदलला असेल, अगदी कमी झाला असेल तरीही, त्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो. आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा कॅनडाबाहेर किती दिवस चालतो, हे कंपनीकडून लेखी घ्या. अल्बर्टाच्या आरोग्य कार्डासाठी १२ महिन्यांत १८३ दिवस प्रांतात राहावं लागतं. तुमचे तीन महिने त्यात आरामात बसतात, पण वर्षभरातल्या भारतवाऱ्याही त्यात धरा.

मिलिंद

---

प्रेषक: वृंदा

सुहास,

बॅगेत अर्धं दुकान भरून नेऊ नकोस. हिंग, गोडा मसाला, काळा मसाला आणि लाल तिखट, सगळं दळलेलं आणि सीलबंद पाकिटात, एवढं पुरे. ताजा कढीपत्ता, बी-बियाणं, घरची उघडी पुडी नको. कस्टमच्या टेबलावर ती उघडून बघतात आणि मग ठेवूनच घेतात. हळद (कुर्कुमा) आणि जिरं (कोमिनो) तिथे मिळतं. कडधान्यांत अख्खा मसूर (लेंतेहा), काबुली चणे (गार्बान्सो) आणि पिवळट रंगाचा ‘फ्रिहोल पेरुआनो’ घे. हा शेवटचा सौम्य असतो, उसळीला उत्तम. आपण कॅलगरीत हजार मीटरवर शिजवतो, तिथे समुद्रसपाटी आहे. तेव्हा कुकरची एक शिट्टी कमी कर, नाहीतर उसळीची आमटी होते.

वीज १२७ व्होल्ट, प्लग कॅनडासारखेच. इथला मिक्सर चालतो, आई भारतातून २३० व्होल्टचा आणणार असतील तर नको म्हण. जुन्या घरांत भिंतीत दोनच भोकं असतात, म्हणून तीनचं दोन करणारे अडॅप्टर दोन-तीन टाक.

पाणी: २० लिटरचा गाराफोन (पाण्याची मोठी बाटली) दुकानात भरून मिळतो, गाडीवाला दारातही आणतो. पहिल्या वेळी रिकाम्या बाटलीची अनामत द्यावी लागते. तोंडावरचं सील बघून घे. भाज्यांचं तंत्र नीट पाळ: आधी नळाखाली माती पूर्ण काढायची, पालेभाजीची पानं सुटी करायची, मग गाराफोनच्या पाण्यात निर्जंतुक करायचे थेंब घालून बाटलीवर लिहिलेला वेळ बुडवून ठेवायचं. हे थेंब (मिक्रोदिन) भाजीच्या फळीशेजारीच विकायला असतात. मातीसकट बुडवलं तर थेंब मातीवरच खर्ची पडतात. आणि बाहेर काढून परत नळाखाली धरायचं नाही! बरीच मंडळी नेमकं तेच करतात आणि दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीला शिव्या देतात.

तूप कढवायला ‘मान्तेकिया सिन साल’ आण, म्हणजे बिनमिठाचं लोणी. शेजारीच मार्गारीन असतं, वेष्टन सारखंच दिसतं. आणि ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी, ती आईच्या स्वयंपाकात चुकून यायला नको. विरजणाला ‘नातुराल, सिन असुकार’ लिहिलेलं दही. पनीरच्या जागी पानेला चीज: तव्यावर परतलं तरी वितळत नाही, पण मुळात खारट असतं, म्हणून भाजीत मीठ शेवटी. पाकिटावर ‘पास्तेउरिसादो’ आहे का बघ, रस्त्यावर विकतात ते सुटं नको.

पोळ्यांच्या मागे लागू नकोस. तिथली ‘इंतेग्राल’ कणीक म्हणजे कोंडा जास्त, पोळी लाटताना चिरते. निम्मा मैदा घालून, अर्धा तास भिजवून होतात कशाबशा. त्यापेक्षा तोर्तियेरियात (मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, विकणाऱ्या दुकानात) सकाळी रांगेत उभी राहा, सोबत स्वतःचं सुती फडकं ने. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोर्तियांना घाम सुटतो आणि गठ्ठा चिकटतो. अर्धा किलो मागायचं, चौघांच्या जेवणाला होतं. दुपारनंतर दुकान बंद झालेलं असतं. परत गरम करताना तेल नको, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजू, फुगली की काढ. दुसऱ्या दिवशी उरल्या तर तुकडे करून फोडणीच्या पोळीसारख्या कर, हमखास जमतात.

त्याच दुकानात तयार ओली कणीकही किलोवर मिळते. मका चुन्याच्या पाण्यात उकळून (किलोला साधारण दहा ग्रॅम चुना) रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात. चुन्यामुळे साल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो, म्हणून भाकरीसारखी उकड काढावी लागत नाही. पण उकाड्यात ती संध्याकाळपर्यंत आंबते. लागेल तेवढीच आण, राहिली तर लगेच फ्रिजमध्ये.

आईंसाठी बाहेर: ‘नो कोमो कार्ने’ एवढंच म्हणून भागत नाही. कार्ने म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गाय-डुक्कर येतं, कोंबडी किंवा हॅम चालेल असं गृहीत धरतात. पूर्ण म्हणायचं: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका.’ घोटलेल्या बीन्समध्ये, तमालांत (मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पुड्या) आणि गव्हाच्या तोर्तियांत चरबी असू शकते. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, म्हणून ‘येवा काल्दो दे पोयो?’ हे वेगळं विचारायचं. बिनधास्त खाण्यासारखं: भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडलेली तोर्तिया), नोपाल (आपल्या निवडुंगाचीच कोवळी पानं, काटे काढून भाजलेली. भेंडीसारखी बुळबुळीत लागली तर स्वयंपाक्याने घाई केली), पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत, भाजलेलं कणीस. चिलाकिलेसच्या (रश्शात घातलेले तळलेल्या तोर्तियांचे तुकडे) रश्शात कोंबडीचं पाणी असतं कधीकधी, तेही विचार.

गोमांस टाळणारे असाल तर: ‘रेस’ म्हणजे गाय-बैल. बिरिया (मटणाचा मसालेदार रस्सा) वायार्ताच्या हालिस्को राज्यात मुळात बोकडाची, पण गाड्यांवर आता बरीचशी ‘दे रेस’ असते. आल पास्तोर आणि कार्नितास ही दोन्ही डुकराची.

आणि हो, नायारित हे मेक्सिकोतलं फणसाचं आगर आहे! उत्तरेकडच्या सान ब्लास गावाच्या आसपास बागा आहेत. रस्त्याकडेला ‘याका’ म्हणून पिकलेले गरे डब्यात मिळतात. भाजीसाठी कोवळा हवा तर फळवाल्याला दोन दिवस आधी ‘याका तिएर्ना’ सांगून ठेवायचं, कारण तिथे भाजी कोणी करत नाही. सान ब्लासला गेलात तर घड्याळ एक तास मागे जातं. बाकी नायारितची वेळ वेगळी, फक्त बुसेरियासचा बाहिया दे बांदेरास तालुका वायार्ताबरोबर चालतो. परतीच्या बसची वेळ विचारताना हे लक्षात ठेव.

वृंदा

---

प्रेषक: शरद

चि. सुहास,

वृंदाने स्वयंपाकघर चोख सांगितलं. माशांचं मी सांगतो.

बाबांना सुरमई आवडत असेल तर ‘सिएरा’ मागा. आपल्या सुरमईचंच भावंड आहे, त्याच वंशातलं. नुसतं मागितलं तर फिले करून देतात, तळायच्या तुकड्या हव्यात तर ‘एन रोदाहास’ म्हणायचं, बोटाच्या जाडीच्या. डोकं टाकून देण्याआधी मागून घ्या, कालवणाला लागतं. तांबोशीसारखा हवा तर वाचिनांगो किंवा पार्गो. दोरादोचं (माही-माही) मांस पांढरं आणि कोरडं, तो रव्यात तळण्यापेक्षा कालवणात बरा. पापलेटच्या शोधात वेळ घालवू नका.

खरेदी शेजारच्या ला क्रुस गावात, मरिनाला लागून असलेल्या मासळी बाजारात. सकाळी लवकर. बर्फाचा डबा घरून न्यायचा. सिएरा उन्हात तासभर राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. मासा वासाला ठीक असतो, पण खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. ते शिजवल्याने जात नाही, तेव्हा बर्फाला पर्याय नाही.

कोळंबीचा हंगाम नेमका हिवाळ्यात. प्रशांत किनाऱ्यावर साधारण मार्चच्या सुमारास बंदी लागते, मग गोठवलेली नाहीतर तळ्यातली. ‘दे मार’ म्हणजे समुद्रातली, ‘दे ग्रांहा’ म्हणजे शेततळ्यातली. १६/२० हा आकडा म्हणजे एका पौंडात इतके नग, आकडा लहान तशी कोळंबी मोठी. डोक्यासकट घेतली तर वजनाचा तिसरा हिस्सा तरी जातो, पण कालवणाची चव डोक्यात असते. डोकं काळं पडलेलं, कवच मऊ, अमोनियाचा वास असेल तर पुढच्या टेबलाकडे वळायचं.

खोबरं: नारळ मुबलक, पण खवणी नाही. पाकिटातलं ‘कोको रायादो’ बऱ्याचदा गोड असतं, कालवण बिघडवतं. घडीची खवणी मात्र बॅगेत टाका, तेवढं वजन सार्थकी लागतं. मालवणी वाटणासाठी रंगाला ग्वाहियो मिरची (साधारण ब्याडगीच्या जागी), तिखटाला आर्बोल. चार ग्वाहियोला एक आर्बोल हे प्रमाण चौघांना ठीक. चिंच ‘एन वाइना’, म्हणजे शेंगेसकट घ्यावी. तयार गरात साखर, मीठ आणि तिखट असतं.

वायार्ताच्या मालेकोनवर (समुद्राकाठचा फिरायचा रस्ता) तुबावाला दिसेल, खांद्यावर भोपळा घेऊन. ती माडाची नीराच. मनिलाच्या गलबतांवरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी हा धंदा या किनाऱ्यावर आणला. वर सफरचंदाचे तुकडे आणि दाणे घालतात. सकाळी प्या, दुपारी तिची माडी व्हायला लागते. अर्थात बाबांची त्याला हरकत नसेल कदाचित.

शरदकाका

---

प्रेषक: सुहास



काका, वृंदाताई, मिलिंद, खूप आभार. अजून दोन प्रश्न: निखाऱ्यावर भाजलेला ‘सारांदेआदो’ मासा घरी जमतो का? आणि आग्वाचिले बाबांना द्यावं का?

---

प्रेषक: शरद

आग्वाचिले म्हणजे लिंबू-मिरचीच्या रसात कच्ची कोळंबी. लिंबाने ती पांढरी दिसते, शिजलेली वाटते, पण जंतू मरत नाहीत. सत्तरीच्या पुढचे, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असलेले, गरोदर बायका यांनी लांब राहावं. कच्च्या कालवांचंही तेच. बाबांना तोच रस उकडलेल्या कोळंबीवर घालून द्या: कोळंबी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फात, मग रस, काकडी, लाल कांदा. चवीत फारसं उणं नाही.

सारांदेआदो घरी नक्की जमतो, छतावर शेगडी असेल तर. दीड किलोचा पार्गो घ्या आणि मासेवालीला ‘पारा सारांदेआर’ सांगा. ती पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडून देते, पोटाची कड जोडलेली ठेवते. खवले काढू नका म्हणावं, खालून जळण्यापासून तेच वाचवतात.

चार ग्वाहियो बिया काढून कढत पाण्यात पंधरा मिनिटं. मग चार पाकळ्या लसूण, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा मोहरीचं सॉस, तीन चमचे मेयोनेज आणि त्या मिरच्या घालून वाटायचं. मीठ चिमूटभर, सोयात असतं. मेयोनेजला नाक मुरडू नका, मसाला माशाला धरून ठेवणारं तेच आहे. दोन लिंबांचा रस मात्र भाजायच्या आधी दहा मिनिटं लावायचा. तासभर आधी लावला तर मांस वरून खडूसारखं होतं.

तिथे खारफुटीच्या लाकडावर भाजायची रीत, घरी साधा कोळसा चालतो. ज्वाळा बसून निखाऱ्यावर राख धरू द्या, नाहीतर मेयोनेज जळून कडवट होतं. दुहेरी बिजागरीची जाळी आधी तापवायची, मग तेल पुसायचं, मग मासा. थंड जाळीला चिकटलाच म्हणून समजा. मांसाची बाजू खाली चार मिनिटं, उलटून खवल्यांची बाजू पंधरा मिनिटं, वरून उरलेला मसाला ब्रशने दोनदा. मणक्याजवळ सुरीचं टोक घालून बघा: मांस हाडापासून सुटलं की झाला, गुलाबी पारदर्शक दिसलं तर आणखी तीन मिनिटं.

हॉटेलात खाल्लात तर मासा किलोवर असतो. भाजायच्या आधी समोर वजन करायला सांगा आणि किलोचा भाव विचारून घ्या. बिल आल्यावर नाही.

शरदकाका

---

प्रेषक: वृंदा

सुहास, एक राहिलं. त्याच निखाऱ्यावर आईंसाठी पानेलाची वडी आणि नोपाल, पण जाळी वेगळी. आठवडी बाजारात दुसरी मिळते, पहिल्याच रविवारी घेऊन टाक. ला क्रुसचा मरिनावरचा रविवारचा बाजार साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि दुपारी दोनपर्यंत आवरतो.