कॅन पांढरा झाला आणि चव बदलली!

काचेच्या बाटलीतला कोला जास्त छान लागतो हा निव्वळ मनाचा खेळ, असं काही जण म्हणतात. निव्वळ नाही हो. प्लास्टिकमधून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निसटतो, काचेतून नाही. बरेच दिवस पडून राहिलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पेय खरंच मिळमिळीत होतं.

पण मनाचा वाटा मोठा आहे, हे मान्य. २०११ मध्ये कोका-कोलाने ध्रुवीय अस्वलांच्या मोहिमेसाठी लाल कॅन पांढरा केला. आतलं पेय तेच, तरी 'चव बदलली' म्हणून तक्रारी! काहींना तो डाएट कोकचा चंदेरी कॅन वाटला. शेवटी लाल कॅन परत आणावा लागला.

२००४ च्या एका अमेरिकी प्रयोगात मेंदूचं स्कॅनिंग करताना लोकांना कोला पाजला. आधी कोकचं चित्र दाखवलं की स्मृतीशी संबंधित भागही जागे होत. पेप्सीच्या चित्राने तसं होत नव्हतं (बिचारी पेप्सी).

कुठला कोला कुठल्या बाटलीतला हे न सांगता घरी चवीची चाचणी घ्यायचीच तर काचेतलं आणि प्लास्टिकमधलं, दोन्ही पेयं सारखीच थंड हवीत, ग्लास एकसारखे हवेत, आणि ओतणाऱ्याने वाढायला येऊ नये. त्याच्या चेहऱ्यावरूनच निम्मे लोक उत्तर ओळखतात.