द लास्ट ऑफ द मोहिकन्स - ह्युरॉन खरंच इतके क्रूर होते का?

रानवाट:
अमेरिकन लेखक कूपरची ही कादंबरी (१८२६) नुकतीच वाचून झाली. गोरा शिकारी हॉकआय आणि मोहिकन जमातीचे चिंगाचगूक न अंकस माग काढतात ते वाचताना भान राहत नाही, तो ओढ्याचा प्रसंग तर कमालच, अंकस बारीकशा ओहोळाचं पाणी अडवून बाजूला वळवतो आणि खालच्या ओल्या तळात मोकॅसिनचा (चामडी जोड्याचा) ठसा सापडतो!! पण ह्युरॉन जमातीचे लोक मात्र एकजात कपटी न रक्तपिपासू दाखवलेत, ते खटकलं. इतिहासात खरंच असं होतं का?

जुनीपानं:
नाही हो. कादंबरीतला वेढा खरा आहे, ऑगस्ट १७५७, लेक जॉर्जकाठचा इंग्रजांचा किल्ला फोर्ट विल्यम हेन्री, तिथला इंग्रज अधिकारी मन्रोने फ्रेंच सेनापती माँकाल्मपुढे शरणागती पत्करली तेही खरं. पण फ्रेंचांकडून लढणारे ओटावा, ओजिब्वे, अबेनाकी अशा कितीतरी जमातींचे होते, ह्युरॉन त्यात मूठभर. त्यांचा मोठा संघ १६४९ च्या सुमारासच इरोक्वॉय जमातींच्या हल्ल्यांत मोडला होता, आणि कूपर त्याच दोन हाडवैऱ्यांना सर्रास एका माळेत ओवतो.

शरणागतीनंतर इंग्रजांची कत्तल झाली त्यामागचं कारणही बघा, हे योद्धे शेकडो मैलांवरून लूट आणि कैदी मिळतील म्हणून आलेले, आणि माँकाल्मने परस्पर तह करून इंग्रजांना सामानासकट जाऊ द्यायचं ठरवलं, मग भडका उडणारच ना. झालं ते भयानकच होतं, पण मेलेल्यांचा आकडा कादंबरीत वाटतो तेवढा प्रचंड नव्हता, आताचे अभ्यासक दोनशेच्या आतच धरतात.

काठावरचा:
एकजात म्हणणं मला पटत नाही. ह्युरॉन खलनायक मागुआ मन्रोच्या मुलीला, कोराला, स्वतःची कहाणी सांगतो ते परत वाचा. गोऱ्यांनीच त्याला दारू पाजली, त्यापायी त्याची माणसं सुटली, मग मोहॉकांमध्ये (इरोक्वॉयांपैकीच एक जमात) राहून इंग्रजांच्या बाजूने आला तर दारू प्यायला म्हणून मन्रोने सगळ्यांसमोर बांधून फटके मारले. छातीवरचे लढाईतले व्रण दाखवतो तो, पण पाठीवरचे वळ लपवावे लागतात म्हणतो. कोरालासुद्धा पटकन उत्तर सुचत नाही तिथे. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात जिवंत पात्र तेच, हॉकआय त्याच्यापुढे फिका वाटतो.

रानवाट:
फटक्यांचा भाग वाचला होता पण पुढे पळापळीच्या नादात विसरूनच गेले. मोहिकन तरी खरंच संपले का मग?

जुनीपानं:
छे, संपले कुठे. त्यांचे वंशज स्टॉकब्रिज-मन्सी नावाने आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत, स्वतःचं सरकार आहे त्यांचं. आणि ह्युरॉन-वेंडाट क्युबेक शहराला लागून वेंडाकेत राहतात.